वाचनालयाचे कपाट कोणाचे?

(उमरखेड तालुक्यातील ढाणकी येथे वाचनालयाचे कार्यकर्ते व वाचक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण.)



आपल्या चिटणिसांनी मला पाठविलेल्या पत्रात एक साधी विनंती होती. यंदा ग्रंथखरेदीसाठी जे थोडे पैसे हाती येतील त्यांतून कोणती पुस्तके घ्यावीत, याची यादी मी करून आणावी आणि तिच्यावर चार शब्द बोलावे. मी तीन दिवस यादी करीत बसलो. शंभर नावे झाली, मग दीडशे झाली. चौथ्या दिवशी ती पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की, ही ढाणकीच्या वाचकांची यादी नव्हे. ही माझ्याच घरच्या कपाटाची नक्कल आहे. म्हणून ती घरीच ठेवून आलो. आपण रागावू नये. यादी का आणली नाही हे मला आज सांगायचे आहे, आणि आपली यादी आपणच कशी करावी याबद्दल काही सुचवायचे आहे.

हा मोह मला पहिल्यांदाच झाला असे नाही. १९८४ साली, मी नुकताच प्राध्यापक झालो असताना, आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यात काही तरुण मित्रांनी वाचनालय काढले. पुस्तके निवडण्याचे काम त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्यावर सोपविले. मी साठ पुस्तके निवडली. नियोजनावरची, समाजवादाच्या इतिहासावरची, जमीनसुधारणांवरची. दोन-तीन तर इंग्रजी. कथा-कादंबऱ्या मी कटाक्षाने टाळल्या, कारण रंजनासाठी लोकांचा पैसा खर्चणे त्या वयात मला पाप वाटत होते. सहा वर्षांनी त्या गावी पुन्हा जाण्याचा योग आला. मी निवडलेली पुस्तके कपाटात जशीच्या तशी होती. कित्येकांची पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि आत लावलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडलेली नव्हती. कुणीतरी देणगी म्हणून दिलेल्या, मुखपृष्ठ गेलेल्या एका रहस्यकथेच्या चिठ्ठीवर मात्र तारखा मावत नव्हत्या. दुसरी चिठ्ठी जोडावी लागली होती. पुस्तके देण्याघेण्याचे काम पाहणाऱ्या मुलाला मी जरा रागानेच विचारले, “लोकांना चांगले वाचायला नको काय?” तो म्हणाला, “नको कशाला, सर? पण तुम्ही आम्हांला विचारलंच नाही.”

वरून आखलेली आणि खाली न विचारलेली योजना का फसते, हे मी त्या काळी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो. तीच चूक मी साठ पुस्तकांच्या इवल्याशा योजनेत केली होती. तेव्हापासून ग्रंथनिवड हा मला केवळ साहित्यिक अभिरुचीचा प्रश्न वाटत नाही. तो वाटपाचा प्रश्न आहे. थोडे धान्य आणि पुष्कळ घरे असली म्हणजे जो प्रश्न उभा राहतो, तोच हा.

वाचक म्हणजे कोण?

आपल्या गावाचेच पाहा. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य होते. त्यामुळे इथल्या बोलीत वऱ्हाडीबरोबर मराठवाड्याचे शब्द सहज मिसळून गेले आहेत. तांड्यावर गोरमाटी बोलतात, मुसलमान मोहल्ल्यात उर्दू चालते. तालुक्यात आंध समाजाची वस्ती मोठी आहे; जिल्ह्यात गोंड आहेत, कोलाम आहेत. शेतात कापूस, सोयाबीन, तूर, कुठे हळद. या भूमीवरचा वाचक कोण? सकाळी वर्तमानपत्रासाठी येणारे निवृत्त गुरुजी वाचक आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा वाचक आहे. दहावीत शिकणारी मुलगी, आशा कार्यकर्ती, दुकानात गिऱ्हाईक नसताना कादंबरी उघडणारा दुकानदार, हे सारे वाचक आहेत. आणि दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी स्वयंपाकाला लागणारी, चौथीपर्यंत शिकलेली बाईदेखील वाचक आहे. फक्त तिला अजून तसे कुणी म्हटलेले नाही.

या सर्वांना आपण ‘वाचक’ या एका नावाने हाक मारतो आणि तिथेच फसतो. पाठ्यपुस्तकातला ‘ग्राहक’ जसा कुठल्याच बाजारात भेटत नाही, तसा हा सरासरी वाचक कुठल्याच वाचनालयात येत नाही. एवढेच नव्हे, तर एकाच माणसात अनेक वाचक असतात. भरतीचा मुलगा दिवसा सामान्यज्ञान वाचतो, रात्री त्याला रहस्यकथा हवी असते, आणि बाप आजारी पडला की मधुमेहावरचे पुस्तक शोधीत तोच येतो. ग्रंथालयशास्त्राचे भारतातील आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक भेटला पाहिजे, हा त्यांचा गाभा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रत्येक’ हा शब्द गणिती काटेकोरपणाने वापरला होता. आपण तो शोभेसाठी वापरतो.

मागणी आणि गरज

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद करतात. गरज पोटात असते. मागणी खिशात पैसे असतील तेव्हाच बाजाराला ऐकू जाते. सार्वजनिक वाचनालय निघाले ते हा भेद पुसण्यासाठी. ज्याच्या खिशात पुस्तकाची किंमत नाही त्यालाही पुस्तक मिळावे, हा त्याचा हेतू. परंतु वाचनालयालाही स्वतःचा एक अदृश्य खिसा असतो, तो प्रतिष्ठेचा. जो समितीत बसतो, जो अध्यक्षांना घरी जाऊन भेटू शकतो, जो सभेत उठून बोलतो, त्याची मागणी ऐकू जाते. जी बाई वाचनालयाची पायरी चढत नाही, तिची मागणी नोंदली जात नाही. मागणी नोंदली जात नाही म्हणून तिच्यासाठी पुस्तक येत नाही. पुस्तक येत नाही म्हणून तीही येत नाही. मग आपण अहवालात लिहितो की, महिलांना वाचनाची आवड कमी आहे.

हिशेब करून पाहू. समजा, वर्षाला ग्रंथखरेदीसाठी वीस हजार रुपये आहेत आणि पुस्तकाची सरासरी किंमत अडीचशे रुपये आहे. म्हणजे ऐंशी पुस्तके झाली. त्यांत बाराशे रुपयांचा एखादा जाडजूड ग्रंथ केवळ कपाट भारदस्त दिसावे म्हणून घेतला, तर चार-पाच पुस्तके गेली. त्या ग्रंथाची खरी किंमत छापील बाराशे रुपये नव्हे. जी पाच पुस्तके येऊ शकली नाहीत, तीच त्याची किंमत. दहा वर्षे कुणी न उघडलेले पुस्तक हे मोटार बसविलेल्या पण वीज न पोचलेल्या विहिरीसारखे आहे. भांडवल गुंतले, पाणी मात्र आले नाही.

याचा अर्थ जास्त हात मागतील तेच पुस्तक घ्यावे, असा मी करीत नाही. तसे केले तर वाचनालय आणि बसस्थानकावरचा पुस्तकांचा गाळा यांत फरक उरणार नाही. मागणीला मान द्यावा, आणि न उच्चारलेली गरज शोधीत जावे. ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. ती कशी, हे साहित्याच्या निरनिराळ्या प्रकारांकडे पाहून थोडे तपशिलात सांगतो.

कोणासाठी काय?

आरंभ मुलांपासून करावा. पैसा कितीही थोडा असो, त्यातला एक ठरलेला वाटा मुलांचा, आणि तो इतर कशासाठी वळवायचा नाही, असा ठरावच करून टाकावा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, ‘बालभारती’कडून १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक; आपल्या भाषेत या बाबतीत दारिद्र्य नाही. दारिद्र्य आहे ते आपल्या मनात. पुस्तके फाटतील या भीतीने आपण मुलांचे कपाट कुलुपात ठेवतो. माझ्या मते मुलांच्या पुस्तकांचे फाटणे हे वाचनालयाच्या प्रकृतीचे उत्तम लक्षण आहे. वर्षाअखेर एकही बालपुस्तक फाटले नसेल, तर चिंता करावी.

दुसरा प्रकार रंजनाचा. ज्याला मी तरुणपणी पाप म्हटले तो हाच. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षेच्या ग्रंथांत त्यांना मोठी जागा मिळाली नाही. पण गिरणगावातल्या खोलीपासून खेड्यातल्या ओसरीपर्यंत मराठी माणसाला सलग शंभर पाने वाचण्याची सवय लावण्यात या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणुकीचा हक्क नाही, असे म्हणणारा समाजवाद मला मान्य नाही. मात्र शिडीला एकच पायरी असून चालत नाही. रहस्यकथेच्या शेजारी ‘मृत्युंजय’ किंवा ‘स्वामी’ असावी. तिच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ असावी. आणि त्याच फळीवर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ असावी. विदर्भातल्या शेतकरी घराची ही कादंबरी २००४ साली साहित्य अकादमीच्या पुरस्काराला पात्र ठरली. ती हाती घेणाऱ्या आपल्या वाचकाला कुणी ‘हे श्रेष्ठ साहित्य आहे’ असे बजावण्याची गरज नाही. दोन पानांत तो आपले अंगण ओळखेल. पायऱ्या जवळ ठेवाव्यात. चढायचे केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरा प्रकार उपजीविकेच्या आणि आरोग्याच्या पुस्तकांचा, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. २०१७ सालच्या पावसाळ्याअखेर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. एखादे पुस्तक गावात असते तर ते वाचले असते, असे म्हणणे खोटे आणि क्रूरही ठरेल. मजुराला बाटलीवरचा मजकूर पाहायला मिळत नाही, तो वाचता येईल अशा अक्षरात छापलेला नसतो, हातमोजे आणि मुखपट्टी त्याला कोणी देत नाही, आणि रोज बुडवण्याची त्याची ऐपत नसते. हे प्रश्न कायद्याचे आणि लढ्याचे आहेत. परंतु कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, एवढी माहिती मोठ्या अक्षरांत छापलेला एक तक्ता वाचनालयाच्या भिंतीवर का नसावा? तो पुस्तक नाही म्हणून? ग्रंथनिवडीत अशा तक्त्यांची, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांची आणि योजनांच्या माहितीपत्रकांचीही निवड आली पाहिजे.

याच प्रकाराची दुसरी बाजू अशी की, जुने पुस्तक इथे घातक ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फान या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. त्यापूर्वी छापलेले आणि या औषधाची शिफारस करणारे पुस्तक कपाटात तसेच असेल, तर ते ज्ञान देत नसून अपघाताची वाट दाखवीत आहे. कादंबरी जुनी झाली तरी बिघडत नाही. शेती, औषधे, कायदा आणि परीक्षा यांवरची पुस्तके शिळी होतात. ती दरवर्षी तपासून बाजूला काढणे, हेही निवडीचेच काम आहे. आणि याच फळीवर वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ अवश्य ठेवावे. गुलामीत जन्मलेल्या, कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमुगाचा फेरपालट सुचविणाऱ्या आणि गाडी घेऊन शेतकऱ्यांच्या दारी ज्ञान नेणाऱ्या त्या अमेरिकन कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे हे चरित्र १९८१ साली निघाले. कापूस पिकविणाऱ्या गावाला ते परके वाटणार नाही.

चौथा प्रकार स्पर्धा परीक्षांचा. वाचनालये अभ्यासिका झाली, अशी खंत पुष्कळ जण व्यक्त करतात. मला ती सर्वस्वी मान्य नाही. ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, त्या घरच्या मुलाला शांत कोपरा आणि एक दिवा देणे, हे वाचनालयाच्या धर्मात बसते. पण ही पुस्तके महाग असतात आणि दोन वर्षांत निरुपयोगी होतात. म्हणून त्यांचा निधी वेगळा ठेवावा, आणि जे मुलगे-मुली नोकरीला लागले त्यांनी आपली पुस्तके परत गावाला द्यावीत, असा रिवाज घालावा. त्या अभ्यासिकेत मार्गदर्शकांच्या जोडीला मराठी विश्वकोशाचे खंड असावेत. उत्तर पाठ करणे आणि विषय समजणे यांतले अंतर त्या मुलांना कधीतरी दिसले पाहिजे.

पाचवी गोष्ट स्त्रियांची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून अख्ख्या समाजाला जाब विचारला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजी आहेत. ही पुस्तके आपल्याकडे असतीलही. पण वाचनालय संध्याकाळी सहा ते आठ उघडे असेल, तर ती कोणासाठी आहेत? त्या वेळी चूल पेटलेली असते. बचत गटाच्या बैठकीला पंधरा पुस्तकांची पिशवी घेऊन जावे. मोठ्या टाइपातली पुस्तके मुद्दाम निवडावीत. आणि वाचनालयाच्या टेबलावर वाचनाचे दोन-तीन निरनिराळ्या नंबरांचे चष्मे ठेवावेत. चाळिशी उलटलेल्या कित्येक बाया ‘मला वाचता येत नाही’ म्हणतात, तेव्हा त्यांना अक्षरे येत नसतात असे नव्हे. ती दिसत नसतात.

सहावी गोष्ट, ज्यांचे जगणे पूर्वी पुस्तकात येत नव्हते त्यांच्या पुस्तकांची. १९७४ साली ‘ग्रंथाली’ ही वाचकांची चळवळ म्हणून सुरू झाली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली तिनेच प्रकाशित केले आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली. कुणाची लेखणी छापण्याजोगी, याबद्दलचे जुने मत त्या काळात बदलले. वाचकांनी संघटित होऊन निवडीची सूत्रे थोडी जरी आपल्या हाती घेतली, तरी एका भाषेचे वाङ्मय कसे बदलते, याचे हे उदाहरण आहे. तांड्यावरच्या मुलाला बंजारा लेखकाचे आत्मकथन आणि उर्दू शाळेतल्या मुलीला उर्दूतली गोष्टींची पुस्तके आपल्या वाचनालयात मिळतात काय? मिळत नसतील, तर दारावरच्या फलकातील ‘सार्वजनिक’ हा शब्द अजून खरा व्हायचा आहे.

आपल्या माणसांसाठी दोन शब्द

समोर पक्षाचे कार्यकर्ते बरेच दिसतात, म्हणून एक कटू वाटेल अशी गोष्ट बोलतो. वाचनालय हे पक्षाचे कार्यालय नव्हे. आपल्या विचारांची पुस्तके तिथे जरूर असावीत, पण ती आपल्या विरोधकांच्या पुस्तकांशेजारी असावीत. ज्याला दुसरी बाजू वाचायलाच मिळाली नाही, त्याच्या होकाराला मी किंमत देत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्याचे आरंभीचे काही भाग ‘दीनबंधू’ या सत्यशोधक चळवळीच्याच पत्रात आले आणि पुढचे आले नाहीत. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. म्हणजे कात्री नेहमी शत्रूच्याच हातात असते असे नाही. ती मित्राच्या हातातही असते, आणि भीतीपोटी किंवा सावधगिरीपोटी चालते.

अलीकडचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण दिले गेले आणि ते मागे घेतले गेले. महाराष्ट्रभर त्याबद्दल संताप झाला. शेवटी त्या संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या आपल्या जिल्ह्यातील शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. कोणाचा आवाज ऐकू द्यायचा, हे कुणीतरी ठरवीत असते. ज्यांच्या हाती ते ठरविणे होते ते कचरले, आणि एक शेतकरी विधवा ताठ उभी राहिली. कपाट भरताना या दोन्ही गोष्टी आठवाव्यात.

पैसा आणि पद्धत

आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तो झाला तेव्हा मुख्यमंत्रिपदी पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते, म्हणजे आपल्याच भागातले. या कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला, आणि आज राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालये आहेत, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु कर्नाटक, तामिळनाडू, केरळ या राज्यांप्रमाणे ग्रंथालय-कराची तरतूद त्यात नाही. त्यामुळे वाचनालयाचा पैसा हा हक्काचा न राहता दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीचा राहिला, आणि ग्रंथालयातील सेवक अत्यल्प वेतनावर राबत राहिला. हा प्रश्न आपण राजकीय प्रश्न म्हणून उचलला पाहिजे. रस्ता आणि वीज यांसाठी मोर्चा निघतो. वाचनालयासाठीही निघाला पाहिजे.

पैसा थोडा आणि हप्त्यांनी येणारा असला की, आणखी एक रोग जडतो. वर्षाअखेर हिशेब पुरा करण्याची घाई होते, विक्रेता भरघोस सूट देतो, आणि गठ्ठाच्या गठ्ठा खरेदी होते. ज्या पुस्तकांना अन्यत्र गिऱ्हाईक नाही, तीच बहुधा त्या गठ्ठ्यात असतात. निम्म्या किमतीत मिळालेले पण कुणीच न वाचणारे पुस्तक हे स्वस्त नव्हे. ते सर्वांत महाग.

निवडीचे काम लोकांच्या हाती द्यायचे, तर त्याला साधन लागते. तशी साधने आपल्या परंपरेत आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्याला आणले आणि फिरत्या वाचनालयांच्या पेट्या खेड्यांत पाठविल्या. त्याच पेटीची कल्पना शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात नव्याने अमलात आणली. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते आणि ठरावीक मुदतीने दुसऱ्या गटाकडील पेटीशी बदलली जाते. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तिथे पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तके ठेवली गेली. एका घरी कथा, एका घरी कविता, कुठे चरित्रे, कुठे बालसाहित्य. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. पण तिला घराचा उंबरठा आपला मिळाला. शासनाचा पैसा आणि पर्यटकांची वर्दळ यांवर उभा राहिलेला हा प्रयोग आपल्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यातले सूत्र मात्र घेता येईल. बालसाहित्याची पेटी एखाद्या शिक्षिकेच्या ओसरीवर, शेतीची पुस्तके कृषी केंद्राच्या शेजारी, कादंबऱ्यांची पेटी शिंपीणबाईंच्या दुकानात ठेवता येईल. पुस्तक वाचकाकडे चार पावले गेले, तर वाचक वाचनालयाकडे दहा पावले येतो.

प्रत्यक्ष पद्धत अगदी साधी ठेवावी. दारातच एक मागणीची वही दोरीने बांधून ठेवावी. ज्याला लिहिता येत नाही त्याची मागणी ग्रंथपालाने लिहून घ्यावी. निवड समितीत एक विद्यार्थिनी, एक शेतकरी, एक मजूर बाई आणि तांड्यावरचा एक जण असावा, आणि त्यांची नावे केवळ ठरावापुरती नसावीत. दहा पुस्तके घ्यायची झाली तर तीन वहीतल्या मागणीची, तीन मुलांची, दोन उपजीविका व आरोग्याची, एक असे की जे कुणी मागितले नाही पण ज्याने खिडकी उघडेल, आणि एक अशा माणसासाठी की जो अजून वाचनालयात आलेलाच नाही. हे प्रमाण पंचांगातले नव्हे. आपण ते बदलावे. पण जे ठरेल ते फळ्यावर लिहावे, आणि वर्षाअखेर कोणते पुस्तक किती वेळा गेले, हेही त्याच फळ्यावर लिहावे. ग्रामपंचायतीच्या हिशेबावर आपण पारदर्शकता मागतो, तर आपल्या कपाटाचा हिशेबही उघडा असला पाहिजे.

आपण म्हणाल, हल्ली सारे मोबाइलवर असताना ऐंशी पुस्तकांनी काय होणार? मोबाइलवर पुष्कळ काही आहे, विश्वकोशही आहे. पण तिथे काय समोर यावे हे दूर बसलेली एखादी कंपनी ठरविते, आणि आपण कशावर किती वेळ थांबलो याचा हिशेब ती आपल्या नफ्यासाठी ठेवते. गावात निवडीचा निर्णय गावाने एकत्र बसून घ्यावा, त्यावर भांडावे, चुकावे आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करावे, अशी जागा फार थोडी उरली आहे. वाचनालयाची निवड समिती ही ती जागा होऊ शकते. ऐंशी पुस्तकांवर नीट भांडता आले, तर ग्रामसभेतही नीट भांडता येईल.

चिटणिसांना मी यादीऐवजी एक कोरी वही आणून दिली आहे. पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलवावे, आणि ती वही दाखवावी. १९८४ साली मी जे विचारायला विसरलो, ते तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: आपल्याला काय वाचायचे आहे?